तुम्ही कुणाकडच्या?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डब्लिनमध्ये तीन रात्री एक उद्योग चालतो, ज्याचा शहरातल्या निम्म्या लोकांना पत्ताही नसतो. लिफी नदीच्या दोन्ही अंगांना, एकमेकांपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर असलेले पब आणि छोटे हॉल संध्याकाळी उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत एकामागून एक बँड अर्धा अर्धा तास वाजवून खाली उतरतात. सगळे नवे, सगळे आयरिश. बहुतेकांचा अल्बम अजून यायचाय. काहींची तर जेमतेम दोन गाणी कुठेतरी ऑनलाइन चढवलेली असतात. २००३ मध्ये हा महोत्सव सुरू झाला तेव्हा त्याचं नाव होतं ‘हार्ड वर्किंग क्लास हिरोज’. आता ‘आयर्लंड म्युझिक वीक’ म्हणतात. जुनं नाव मला जास्त आवडायचं, नव्या नावाला सरकारी अर्जाचा वास येतो. चालवणारी संस्था मात्र तीच, फर्स्ट म्युझिक कॉन्टॅक्ट. नव्या वादकांना धंद्याच्या खाचाखोचा फुकट समजावून सांगणं हे तिचं एरवीचं काम. एके काळी शंभरेक बँड वाजवायचे, आता पन्नासच्या आसपास असतात.

मी पहिल्यांदा गेले ती ऑफिसातल्या शेजाऱ्यामुळे. हा गृहस्थ कॉर्कचा. कॉर्कच्या माणसाला आपलं शहर हीच आयर्लंडची खरी राजधानी वाटते आणि डब्लिन हे नाइलाजाने नोकरीसाठी यायचं ठिकाण. त्याची पुतणी एका बँडमध्ये बास गिटार वाजवते. अर्जांच्या ढिगातून त्यांची निवड झाली तेव्हा त्याने अख्ख्या मजल्याला ईमेल केला. गेलो आम्ही दोघंच. बाकीच्यांना त्या दिवशी अचानक कामं निघाली.

पुढे तो यायचा थांबला, पुतणीचं कौतुक घरबसल्या करू लागला, आणि मी जात राहिले. माझं वय सांगत नाही, पण दारावरच्या पोराने मनगटाला पट्टा बांधताना “आज मुलगा वाजवतोय की मुलगी?” असं विचारलं, यावरून काय ते समजा.

त्याचंही चुकलं नाही. नव्या बँडला ऐकायला येणारी माणसं ठरलेली असतात. पुढच्या रांगेत मित्रमैत्रिणी. त्यांना सगळ्या गाण्यांचे शब्द पाठ, कारण तालीम त्यांच्याच घराच्या गॅरेजात झालेली. भिंतीला टेकून आईवडील. बाबा कानात बोळे घालून ताठ उभे, आई मोबाइल उभा धरून पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत चित्रीकरण करणारी, मध्येच हात बदलणारी. एक बाई तर गाणं संपल्यावर टाळ्या वाजवता याव्यात म्हणून मोबाइल दातात धरून उभी होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मग आधी वाजवून गेलेल्या आणि नंतर वाजवणाऱ्या बँडची मंडळी. आणि सगळ्यात मागे, बारच्या कडेला, गळ्यात ओळखपत्राच्या नाड्या अडकवलेले पाहुणे.

हे पाहुणे म्हणजे महोत्सवाचं मूळ कारण. ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिका इथले आयोजक, एजंट, रेडिओवर गाणी निवडणारे. दिवसा त्यांच्यासाठी परिसंवाद असतात, बँडच्या पोरांशी घड्याळ लावून भेटी असतात. रात्री ते एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये फिरत राहतात. हा सरळसरळ कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. मुलीने गाऊन दाखवायचं, समोरच्याने बशी हातात धरून ऐकायचं, आणि ‘कळवतो’ म्हणून उठायचं. फरक एवढाच की इथे पाहुणे दुसऱ्या गाण्यातच उठतात. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. मग एकीशी बोलणं झालं. ती त्या रात्री सहा बँड ऐकणार होती, सकाळपासून पायांवर होती, आणि तिच्या महोत्सवात आयर्लंडसाठी जागा होती एक, फार तर दोन. राग गेला. तीही कामावरच होती.

पण त्या दुसऱ्या गाण्याने सगळ्यांना पछाडलेलं असतं. मंचावर चिकटपट्टीने लावलेले गाण्यांच्या क्रमाचे कागद मी नेहमी वाकून बघते, कार्यक्रम संपला की ते तिथेच पडलेले असतात. एका कागदावर सगळ्यात खाली असलेलं गाणं खोडून बाण काढून सगळ्यात वर नेलेलं होतं. बाणाशेजारी जाड पेनाने लिहिलेलं: ‘ते जायच्या आत’. ते गाणं खरं तर शेवटासाठीच बांधलेलं होतं. हळूहळू चढत जाणारं, आधी तीन-चार गाण्यांनी हॉल तापला की मग कळणारं. थंड हॉलमध्ये, लोक अजून कोट काढत असताना, ते सुरुवातीला वाजलं आणि वाया गेलं.

दोन बँडच्या मधला वेळ मला अनेकदा बँडपेक्षा जास्त आवडतो. ड्रमचा मोठा संच सगळ्यांचा एकच असतो, पण स्नेअर म्हणजे समोरचा छोटा ड्रम, झांजा आणि पायाचं पेडल ज्याचं त्याने आणायचं. उतरणारा ड्रमर आपल्या झांजा काढतोय, चढणारा लगेच आपल्या लावतोय, दोघांची डोकी एकमेकांवर आपटतायत, तेवढ्यात गिटारवाला आवाज बदलणाऱ्या पेडलांची पाटी गुडघ्यावर घेऊन प्लग शोधतोय. पूर्ण साउंडचेकला वेळच नसतो. लाइन चेक म्हणजे फक्त प्रत्येक तारेतून आवाज येतोय ना एवढं बघायचं. मागून ध्वनिवाला ओरडतो, “किक.” धप्, धप्, धप्. “स्नेअर.” टाक्, टाक्. “बास.” मग गायिका माइकपाशी येऊन “हे... हे... हाय” म्हणते, आणि तो अंगठा वर करतो. झालं. या क्षणी पोरांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पाहिलेलं आहे. कॉलेजात मी पुरुषोत्तम करंडकाला नेपथ्य लावायला होते. विंगेत खिळे तोंडात धरून उभं राहायचं, मिनिटं मोजायची, आणि बाहेर “अरे आव्वाज कुणाचा”ने छत दणाणत असायचं. तो आवाज आपल्याच कॉलेजाचा असतो आणि आपली एकांकिका संपली की तोच उठून वडापाव खायला जातो, हेही तिथेच कळलं. पुढच्या कॉलेजाच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या. डब्लिनमध्ये फक्त खुर्च्या नसतात.

एका हॉलमधून दुसऱ्यात जायचं तर नदी ओलांडावी लागते. हा’पेनी ब्रिज हा १८१६ चा लोखंडी पादचारी पूल, पूर्वी अर्धी पेनी टोल होता म्हणून हे नाव. उत्तरेच्या टोकाशी ग्रँड सोशल, दक्षिणेला टेंपल बार नावाच्या भागातल्या गल्ल्या, तिथे बटन फॅक्टरी, आणि वेलिंग्टन की या नदीकाठच्या रस्त्यावर वर्कमन्स क्लब. वर्कमन्सच्या इमारतीत शतकभर खरोखरच कामगारांचा क्लब होता. शेजारचं क्लॅरेन्स हॉटेल १९९२ मध्ये यू-टू या बँडच्या बोनो आणि एज यांनी भागीदारीत विकत घेतलं होतं. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे बसभाड्याची चिंता करणारी पोरं आणि पलीकडे यू-टूवाल्यांनी विकत घेतलेल्या खोल्या. अशी शेजारं डब्लिनमध्ये पावलोपावली आहेत, त्यात फार अर्थ शोधण्यात अर्थ नाही.

टेंपल बारमध्येच मीटिंग हाउस स्क्वेअरच्या तोंडाशी भिंतीवर एक कांस्याची गिटार लावलेली आहे. कॉर्कमध्ये वाढलेल्या रॉक गिटारवादक रोरी गॅलाहरची. त्याची खरी स्ट्रॅटोकास्टर गिटार घामाने रंग सोलवटून निघालेली होती, ओरखडेसुद्धा या प्रतिकृतीत घेतलेत. कॉर्कच्या एका दुकानातून १९६३ मध्ये पंधरा वर्षांच्या रोरीने ती शंभर पौंडांना उधारीवर घेतली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात तिचे जवळजवळ नऊ लाख पौंड आले आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे जायचं ठरलं. माझा कॉर्ककर त्या दिवशी ऑफिसात असा फिरत होता जणू वडिलोपार्जित जमिनीचा निकाल त्याच्या बाजूने लागलाय. गिटार डब्लिनच्या संग्रहालयात जाणार हे कळल्यावर चेहरा पडला.

ही गिटार घेऊन रोरी आधी गेला कुठे? एका शोबँडमध्ये. ही भानगड आजच्या नव्या बँडना समजून घेताना मला फार उपयोगी पडते. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून पुढे पंधरा-वीस वर्षं आयर्लंडभर शोबँडचं राज्य होतं. एकसारखे सूट, पितळी वाद्यं, गावोगावचे प्रचंड बॉलरूम म्हणजे नाचाचे हॉल, आणि त्यात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवायची. पोरंपोरी सायकलींवरून, बसने तुडुंब गर्दी करून यायची. पुढे जगभर गाजलेला गायक व्हॅन मॉरिसनही सुरुवातीला बेलफास्टमध्ये अशाच बँडमध्ये होता. बॉलरूमच्या धंद्यात पैसा इतका होता की त्यातून वर आलेला एक मालक, आल्बर्ट रेनॉल्ड्स, १९९२ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला.

म्हणजे तेव्हा गाणं दुसऱ्याचं, उच्चार दुसऱ्याचा, आणि हॉल भरलेला. आता गाणं स्वतःचं, उच्चार स्वतःचा, आणि हॉलमध्ये ड्रमरची आई.

उच्चाराची गोष्ट मी सहज म्हणून लिहीत नाही. इथे नवीन आले तेव्हा मला सगळे आयरिश सारखेच ऐकू यायचे. ऑफिसातल्या बैठकांनी कान तयार केले. कॉर्कचा माणूस वाक्याच्या शेवटी वर जाऊन खाली उतरतो, उत्तरेकडचा प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं उचलून सोडतो, डब्लिनच्या जुन्या वस्तीतला शब्दांना चपटं करून, त्यांच्या शेपट्या तोडून बोलतो. पण गिटार गळ्यात अडकवली की पूर्वी यातले बरेच जण अटलांटिकच्या मध्यावर कुठेतरी जाऊन पोचायचे. बोलणं लिमरिकचं, गाणं कॅलिफोर्नियाचं. फाँटेन्स डी. सी. नावाचा बँड २०१९ मध्ये पहिला अल्बम घेऊन आला आणि गायकाने अस्सल डब्लिनी उच्चारात गाणी दणकावून म्हटली. नावातलं डी. सी. म्हणजे डब्लिन सिटीच. बेलफास्टचे नीकॅप तर त्याच सुमारास आयरिश भाषेत रॅप करत होते आणि पुढे तेच घेऊन जगभर फिरले. आता महोत्सवात कुठल्याही हॉलमध्ये शिरा, डोळे मिटून जिल्हा ओळखता येतो.

मला लक्षात राहिलेला एक बँड वायव्य कोपऱ्यातल्या डोनेगल जिल्ह्याचा होता. डोनेगलमध्ये रेल्वे नाही. होती, पण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथले सगळे लोहमार्ग बंद झाले, आणि आज डब्लिनला यायचं तर बसमध्ये चार तास काढायचे. तर या तिघांचं एक गाणं शुक्रवारच्या रात्रीच्या बसवर होतं. गायक थांब्यांची नावं ओळीने घेत होता. नुसती नावं. तरी प्रत्येक नावाला हॉलच्या वेगवेगळ्या कोपऱ्यातून आरोळी उठत होती. एका गावाच्या नावाला कुणीच ओरडलं नाही. गायक थांबला, हात कपाळावर धरून अंधारात बघितलं, आणि म्हणाला, “काय हे, एकही नाही? बरं, बस पुढे जाऊ द्या.” आणि नेमक्या ठोक्यावर बँड पुन्हा सुरू. बाकी सगळं विसरले तरी हे विसरणार नाही. मी त्या बसमध्ये कधी बसलेले नाही. पण शुक्रवारी रात्री स्वारगेटहून सुटणारी गाडी मला माहीत आहे.

तीन रात्रींत कानावर पडतं ते सगळं उत्तम असतं, असं समजू नका. फाँटेन्सच्या यशानंतर गल्लोगल्ली एक जुना कोट घातलेला, माइकची तार मनगटाला गुंडाळलेला, न गाता चिडून बोलणारा गायक उगवला. पहिल्या अशा गायकाचा राग खरा वाटतो, चौथ्याचा वाटत नाही. दुसरा एक प्रकार म्हणजे पेडलांच्या धुक्यात आवाज बुडवून ठेवणारे. शब्द एकही कळत नाही आणि कळला तर बरं होईल याचीही खात्री नसते. अशा वेळी मी बारवर जाऊन टेटोच्या वेफर्सचं पाकीट घेते.

स्वतंत्र बँड म्हणजे काय हे लिहायला सोपं आहे: मोठी कंपनी पाठीशी नाही, ध्वनिमुद्रणाचा खर्च स्वतःचा, गाणं स्वतःच चढवायचं, पोस्टर स्वतःच डकवायचं. जगायला अवघड आहे. ऑनलाइन ऐकलं जाण्यातून हजारामागे मोजके युरो सुटतात, आणि डब्लिनमध्ये घराचं सरासरी भाडं महिना दोन हजार युरोंच्या वर गेलेलं आहे. माझ्या ओळखीची वादक मंडळी विशीच्या शेवटापर्यंत आईवडिलांकडे राहतात, कॉल सेंटरमध्ये, कॅफेत, शाळेत बदली शिक्षक म्हणून कामं करतात. सरकारने मात्र इथे एक गोष्ट केली, जिचं मला अजून नवल वाटतं. २०२२ मध्ये कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाची प्रायोगिक योजना सुरू केली: २००० जण, आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं. बदल्यात काय दाखवायचं? काही नाही. आणि निवड गुणवत्तेवर न करता पात्र अर्जांतून सोडत काढून. २०२५ मध्ये ही योजना कायम करणार असल्याचं जाहीर झालं. सोडत हे ऐकून मी आधी हसले होते. आता वाटतं, तोच त्यातला शहाणपणा आहे. एरवी या पोरांना पदोपदी कुणीतरी तपासत असतं. निदान एका ठिकाणी चिठ्ठी निघाली की निघाली, गाऊन दाखवा म्हणणारं कुणी नाही.

पैशांपेक्षाही मोठी अडचण खोल्यांची आहे. इथे नवा बँड घडतो तो शंभर-दोनशे माणसांच्या खोल्यांत, पबच्या मागच्या नाहीतर वरच्या. वेक्सफर्ड स्ट्रीटवरचं व्हीलन्स १९८९ पासून ते करतंय, गॉलवेला रोशीन डूव, लिमरिकला डोलन्स. अशा खोलीच्या जागेवर हॉटेल बांधलं तर मालकाला कितीतरी जास्त सुटतात, आणि तसे प्रस्ताव येतच असतात. स्मिथफील्डमधल्या कॉबलस्टोन पबवर २०२१ मध्ये ही पाळी आली. पारंपरिक आयरिश संगीताच्या बैठकींसाठी हा पब प्रसिद्ध, मागच्या खोलीत नवे बँड वाजवतात. लोकांनी शवपेटी खांद्यावर घेऊन, बाजे वाजवत डब्लिनच्या रस्त्यांतून मोर्चा काढला. महापालिकेने परवानगी नाकारली. पब आहे. बाकीच्या किती खोल्यांसाठी असा मोर्चा निघाला नाही, हे जुन्या महोत्सवांच्या पोस्टरांवरची ठिकाणं वाचली की समजतं. बँड गेलेले आहेतच, हॉलही गेलेत.

आणि हे सगळं ज्या पाहुण्यांसाठी मांडायचं, त्यांना नाही म्हणण्याची वेळही येते. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा साउथ बाय साउथवेस्ट हा अशा दाखवण्याच्या महोत्सवांतला सगळ्यात मोठा. तिथे पोचायचं म्हणून इथले बँड वर्षभर धडपडतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी लष्कर तिथल्या प्रायोजकांत होतं, शस्त्रकंपन्यांचीही हजेरी होती, आणि गाझात युद्ध चालू होतं. आयर्लंडतर्फे जाणाऱ्या बँडनी एकामागून एक माघार घेतली. त्यात नीकॅप होते, गॉलवेचे न्यूडॅड होते, डब्लिनचे स्प्रिंट्स आणि गरिअर्स होते. पुढच्या वर्षीपासून लष्कराचं प्रायोजकत्व नसेल असं महोत्सवाने नंतर जाहीर केलं. माझ्या शेजाऱ्याच्या मते ही पोरं भोळी आहेत, लष्कराला काय फरक पडणार. मला तसं वाटलं नाही. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने नकार देणं वेगळं. ज्याला दोन महिन्यांनी तीस माणसांपुढे वाजवायचंय त्याने विमानाचं तिकीट परत करणं वेगळं.

आता त्या प्रश्नाकडे येते. डोनेगलच्या तिघांचं वाजवून झालं आणि ते हॉलच्या मागे मेजावर टीशर्ट, कॅसेट आणि कापडी पिशव्या मांडून उभे राहिले. कॅसेट कोण ऐकतं मला ठाऊक नाही, पण हल्ली सगळे काढतात, स्वस्तात निघतात आणि हातात काहीतरी दिल्यासारखं होतं. मी पिशवी घेतली. कार्डाचं यंत्र चालू होईना, म्हणून ड्रमर ते बारच्या दिशेने वर धरून रेंज शोधत होता, तेवढ्यात त्याने विचारलं, “तुम्ही कुणाकडच्या?”

“कुणाकडची म्हणजे?”

“म्हणजे, मुख्य बँडमध्ये कुणी आहे का तुमचं? की त्या आधीच्या?”

म्हटलं, “कुणाचीच नाही. तुम्हाला ऐकायला आले.”

त्याने यंत्र खाली घेतलं. मग मागे वळून, अर्ध्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “अरे, ही बाई आपल्यातल्या कुणालाच ओळखत नाही!” गायक आला, गिटारवाली आली. माझ्याशी हस्तांदोलन झालं. मी कुठली, गाणी आधी कुठे ऐकली होती, रेडिओवर का, असं सगळं विचारून झालं. ऐकली नव्हती, कार्यक्रमपत्रिकेत ‘डोनेगल’ वाचून शिरले, असं सांगितल्यावर त्यांना रेडिओपेक्षा जास्त आनंद झाला. गिटारवालीने पिशवीत दोन स्टिकर टाकले. मग म्हणाली, “कुठलं गाणं नाही आवडलं?”

हे मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. पण तिचं बरोबर होतं. आई सांगणार नाही, मैत्रीण सांगणार नाही, दुसऱ्या बँडवाले तर शपथेवर खोटं बोलतील, आणि पाहुणे हसून कार्ड देतील. मी सांगितलं की तिसरं गाणं दोन मिनिटं आधी संपायला हवं होतं. तिने ड्रमरकडे बघितलं. त्या बघण्यात गॅरेजात झालेली किमान पाच भांडणं होती. “मी म्हटलं नव्हतं?” ती म्हणाली. ड्रमर पुन्हा कार्डाच्या यंत्राकडे वळला.

मला वाटतं, सगळ्या उद्योगात नेमका हाच माणूस कमी पडतो: तिऱ्हाईत. त्याला पोरांचं भलंबुरं काही करायचं नसतं, त्याच्याकडे देण्यासारखी जागा नसते, घरी सांगायला नातं नसतं. तो आत येतो, उभा राहतो, आवडलं तर थांबतो. बँडला पुढे हजार माणसं मिळायची असतील तर ती सगळी अशीच, अनोळखी असणार. आणि ऐकणाऱ्यालाही यात सुख आहे. आपल्या माणसाचं गाणं आपण कधी नुसतं ऐकतच नाही, मनातल्या मनात त्याच्याबरोबर ते पार पाडत असतो. पुरुषोत्तमच्या विंगेत मी आमची एकांकिका इतक्यांदा पाहिली, पण ती चांगली होती की वाईट हे मला आजही सांगता येणार नाही.

शेजाऱ्याच्या पुतणीचा बँड यंदा फेब्रुवारीत मोडला. भांडण वगैरे काही नाही. गिटारवाला सिडनीला गेला. इथली नर्स, शिक्षक, सुतार जातात तसेच गिटारवालेही जातात. गायिका परत कॉलेजात. पुतणीने कॉर्कमध्येच दुसऱ्या तिघींबरोबर नवा बँड काढलाय आणि या ऑक्टोबरसाठी अर्जही टाकलाय. परवा शेजाऱ्याने पहिलं गाणं आणलं, माझ्या टेबलाशी उभं राहून इअरफोन पुढे केले, आणि मी ऐकत असताना माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. बास छान होता. मी म्हणाले, ड्रम मागे पडलेत, आणि दुसरं कडवं पहिल्याचीच नक्कल आहे. तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मग सँडविच हातात घेऊन आला आणि म्हणाला की पुतणीला मेसेज केला होता, ती म्हणते दुसरं कडवं मुद्दामच तसं ठेवलंय, पण ड्रमचं तुझं खरं आहे, तेवढं पुन्हा मिक्स करतायत.